दोन तारांचा तोल

आजचं बोलणं तारेबद्दल आहे. विजेच्या नाही, आवाजाच्या तारेबद्दल. बायकांच्या कार्यक्रमात हा विषय कुठून आला, असं वाटेल तुम्हाला. तो आला आमच्या फजितीतून, म्हणून आधी ती सांगतो.

लोणी देवकरला आमच्या गटांनी मिळून ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम ठेवला होता. समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या, एका ताईंच्या घरचा स्टिरिओ डेक आणि दोन स्पीकर आणले, छोटा मिक्सर भाड्याने घेतला. कार्यक्रमाचा शेवट ठरलेला होता. गावातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. आजी गेल्याला तेव्हा चार महिने झाले होते. त्यांच्या सूनबाई पुढच्या ओळीत बसलेल्या. मोबाइलपासून मिक्सरपर्यंत जोडायला बाजारातून तयार लीड आणली होती. एका टोकाला हेडफोनची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला माईकची तीन काट्यांची मोठी पिन.

आधी चाचणी म्हणून एक भजन लावलं. टाळ आणि पेटी छान ऐकू आली, पण गाणारा माणूस विहिरीत बसून गातोय असं वाटलं. घाई होती, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. मग ओव्या लावल्या, तर काहीच नाही! मोबाइलवर सेकंद पुढे सरकतायत, स्पीकर गप्प. आवाज वाढवला तर लांबून कुणी कुजबुजावं तेवढी खरखर. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, पुसलं का काय ते?" सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा आम्हाला दिसत होता. शेवटी लीड काढली आणि मोबाइल माईकच्या तोंडाशी धरला. पातळ, पत्र्यासारखा आवाज आला आणि कार्यक्रम कसाबसा निभावला.

रेकॉर्डिंग पुसलेलं नव्हतं. लीडही तुटलेली नव्हती. मग आवाज गेला कुठे? हे समजून घ्यायला आम्हाला सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागलं.

टेलिफोन निघाला १८७६ साली, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावर. त्याच्या आधी तारायंत्र होतं. आपल्या देशातसुद्धा १८५०च्या दशकात तारायंत्र सुरू झालं. तारायंत्राला खांबावरून एकच तार नेत. वीज जायला तार आणि परत यायला जमीन. दोन्ही टोकांना तार जमिनीत पुरली की वाट पुरी होते. दुसऱ्या तारेचा खर्च वाचतो. टेलिफोन आला तेव्हा लोकांनी तीच काटकसर पुढे चालवली.

पण तारायंत्राला फक्त कट्ट-कडकट्ट कळलं की पुरे. टेलिफोनमध्ये माणसाचा आवाज जायचा. तो फार नाजूक. शेजारच्या तारेतला तारायंत्राचा ठोका, आकाशातली वीज, जमिनीतून पळणारा भलता प्रवाह, सगळं त्या एका तारेत शिरायचं आणि कानात घुरघुरायचं. पुढे शहरांत विजेवरच्या ट्रामगाड्या आल्या. त्यांचा परतीचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून जायचा, आणि टेलिफोनची परतीची वाटही जमीनच. मग काय, बोलणं ऐकू येईना, ट्राम ऐकू यायची.

उपाय बेल यांनीच १८८१च्या पेटंटमध्ये मांडून ठेवला होता. जायला एक तार आणि यायला दुसरी तार, जमीन नको. आणि त्या दोन तारा एकमेकींना अगदी लगटून, पीळ घालून न्यायच्या. म्हणजे बाहेरून जे काही येईल ते दोघींवर सारखंच येईल.

हे कळायला तागडी डोळ्यांपुढे आणा. एका पारड्यात वजन जास्त, दुसऱ्यात कमी, म्हणून काटा झुकतो. आता दोन्ही पारड्यांत एकदम पावपाव किलो आणखी टाका. काटा हलेल का? नाही हलणार. कारण काटा फक्त फरक दाखवतो. दोन तारांच्या लाइनीचं तेच आहे. एकीत आवाज सुलटा जातो, दुसरीत तोच आवाज उलटा. एकीत वर तेव्हा दुसरीत खाली. बाहेरची घुरघुर मात्र दोघींत सारखी शिरते. पलीकडचं यंत्र दोघींतला फरक घेतं. आवाजाचा फरक दुप्पट भरतो, घुरघुरीचा फरक शून्य. म्हणूनच या जोडणीला बॅलन्स्ड, म्हणजे तोललेली, असं नाव पडलं. एक तार आणि बाकी जाळी अशी जी असते ती अनबॅलन्स्ड.

पीळ कशासाठी, तर दोघींना सारखा वाटा मिळावा म्हणून. नाहीतर जी तार मोटारीच्या वायरकडे असेल तिच्यावर घुरघुर जास्त पडेल. पिळामुळे घडीत ही जवळ, घडीत ती. खांबावरच्या उघड्या तारांना पीळ घालता येत नसे, तर ठरावीक खांबांवर त्यांच्या जागा अदलाबदल करीत. भिगवणहून दौंडकडे रेल्वेने जाताना कडेच्या खांबांवरच्या तारा पाहिलेल्या वयस्कर मैत्रिणी आपल्यात असतील. त्यांच्याकडे आपण कधी असं पाहिलं नव्हतं, एवढंच.

आता पिनेची गोष्ट. ही आम्हाला सगळ्यांत आवडली, कारण हिच्यात बाया आहेत.

१८७८ साली अमेरिकेत पहिली टेलिफोन एक्सचेंज सुरू झाली. आपल्याकडे मुंबई, कोलकाता आणि मद्रासची एक्सचेंज १८८२च्या जानेवारीत सुरू झाली. तेव्हा नंबर फिरवायची सोय नव्हती. फोन उचलायचा आणि एक्सचेंजमधल्या माणसाला सांगायचं, अमक्याशी जोडून द्या. सुरुवातीला या कामावर पोरं ठेवली होती, तारायंत्राच्या कचेरीत ठेवत तशी. ती गिऱ्हाइकांना उलट बोलायची, आपसात भांडायची. १ सप्टेंबर १८७८ला बॉस्टनमध्ये एमा नट नावाची तरुणी या कामावर रुजू झाली. जगातली पहिली स्त्री ऑपरेटर म्हणून तिचं नाव घेतात. पाहता पाहता हे काम बायकांचंच झालं. लाकडी फळीवर शेकडो भोकं, पुढे दोरीसारख्या वायरी, वायरीच्या टोकाला पितळी पिन. जिथे बोलवायचं त्या भोकात पिन खुपसायची. दिवसाला शेकडो वेळा ती पिन आत-बाहेर व्हायची, म्हणून ती मजबूत, गुळगुळीत आणि एका हातात मावणारी केली.

तीच पिन आजही आपल्यासमोर आहे. माईकच्या, गिटारच्या, ढोलकीवाल्याच्या मिक्सरच्या लीडला असते ती पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची जाड पिन. आपल्याकडे दुकानात पी-३८ म्हणून मागतात ती. एवढ्या यंत्रांची मॉडेलं बदलली, पण एक्सचेंजमधल्या बायकांच्या हाताच्या मापाची ती पिन टिकून राहिली.

दोन तारांची लाइन आल्यावर पिनेलाही दोन वाटा लागल्या. म्हणून तिचे तीन भाग केले. टोक, मधलं कडं आणि खालची दांडी, मधे काळ्या रेघा. इंग्रजीत टिप, रिंग आणि स्लीव्ह. एक तार टोकाला, दुसरी कड्याला. दांडीचं काम वेगळं, ती लाइन मोकळी आहे की गुंतलेली हे ऑपरेटरला कळायला. हे तीन भाग लक्षात ठेवा, आमच्या फजितीचं मूळ इथेच आहे.

मग रेडिओ आला. मुंबईला २३ जुलै १९२७ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. १९३६ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं, पुण्याचं केंद्र १९५३चं. रेडिओवाल्यांनी आवाज नेण्याची विद्या टेलिफोनवाल्यांकडूनच उचलली. स्टुडिओतून ट्रान्समीटरकडे, नाट्यगृहातून स्टुडिओकडे आवाज न्यायचा तर दोन तारांची लाइन. माईकसाठी बारीक पीळदार जोड-तार, वर तांब्याची जाळी. माईकची तीन काट्यांची पिन निघाली लॉस एंजेलिसच्या जेम्स कॅनन यांच्या कारखान्यातून. आधी एक्स मालिका, मग अडकवायची कळ आली म्हणून एल, मग आत रबर आलं म्हणून आर. एक्सएलआर हे नाव असं घडलं. जुने साउंडवाले अजून तिला कॅनन पिनच म्हणतात.

पुणे केंद्रावरून १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एक मोठा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. गावात मंडळ करायचं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, चर्चा करायची आणि आपलं म्हणणं लिहून केंद्राला कळवायचं. युनेस्कोची मदत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेत आलेले पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली. १९५९पासून तीच पद्धत देशभर नेली. फार चांगलं काम झालं, यात शंका नाही. पण आम्हाला त्यात एक गोष्ट टोचते. तार एकाच बाजूने चालायची. आवाज पुण्याहून गावात यायचा, गावाचं म्हणणं टपालाने जायचं. गावच्या बाईचा आवाज, तिचा स्वतःचा गळा, त्या वाटेवर चढतच नव्हता.

तो चढायला पन्नास वर्षं लागली. १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. २००२ला शिक्षणसंस्थांना आणि २००६ला स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. ट्रान्समीटर लहान, साधारण ५० वॅटचा, ऐकू येतो दहा-पंधरा किलोमीटर. २००८च्या ऑक्टोबरात तेलंगणातल्या माचनूर गावी दलित बायकांचं संगम रेडिओ सुरू झालं. माईक, मिक्सर, जोडण्या, सगळं त्या बायकांच्या हातात. आपल्या शेजारी, माण तालुक्यातल्या म्हसवडला, माणदेशी फाउंडेशनच्या बायकांचं केंद्र उभं राहिलं. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आहे, कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी आहे. आता वायर बायकांच्या हातात आली आहे. तर ती कशी जोडायची, हेही बायकांनाच यायला हवं.

आता परत आमच्या गप्प झालेल्या स्पीकरकडे येऊ.

रेडिओ-स्टुडिओत दोन तारांची चाल होती, पण घरात कुणी एवढा खर्च करेना. घरातल्या वायरी हातभर, घुरघुर शिरायला वाव कमी. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने ग्रामोफोन रेडिओला जोडायला एक स्वस्त पिन काढली. मधे एक काटा, भोवती कडं. आपल्या डीव्हीडी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या पिना त्याच. यात आवाज मधल्या तारेतून जातो आणि जाळीतून परततो. म्हणजे ही अनबॅलन्स्ड. घरात दीड-दोन मीटरला ती उत्तम चालते. तिला नावं ठेवायचं कारण नाही.

१९५०च्या दशकाअखेर स्टिरिओच्या तबकड्या बाजारात आल्या. डाव्या कानाचा आवाज वेगळा, उजव्याचा वेगळा. हेडफोनला आता दोन आवाज न्यायचे. पिन हवी तीन भागांची. ती तर एक्सचेंजपासून तयारच होती! टोकाला डावा आवाज, कड्याला उजवा, दांडी दोघांची परतीची वाट. १९७९च्या वॉकमनने तिचीच बारीक, साडेतीन मिलिमीटरची बहीण घरोघरी पोचवली. आणि घोळ तिथेच झाला. दिसायला पिन एक, पण अर्थ दोन. एकीकडे एकच आवाज, सुलटा आणि उलटा. दुसरीकडे दोन आवाज, डावा आणि उजवा. वरून पाहून कुणालाच ओळखता येत नाही. साउंडवाला दोन्हींना स्टिरिओ पिनच म्हणतो.

आमची लीड अशी होती. डावा आवाज माईकच्या पिनेच्या दोन नंबरच्या काट्याला, उजवा तीन नंबरच्या काट्याला. मिक्सरला वाटलं ही तोललेली लाइन आहे. त्याने त्याचं काम केलं. दोघींतला फरक घेतला, आणि दोन्हीकडे जे सारखं असेल ते घुरघुर समजून टाकून दिलं. भजनात टाळ एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला ठेवलेली, म्हणून ती राहिली. गाणारा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा, तो गेला. आणि आजींच्या ओव्या तर मोबाइलच्या एकाच माईकवर घेतलेल्या. डावं-उजवं तंतोतंत एक. एकातून एक गेला, शून्य राहिलं. जी युक्ती ट्रामचा खडखडाट पुसायला काढली होती, तिने आजींना पुसलं.

कारण कळल्यावर दुरुस्ती सोपी होती. आम्हाला हवा होता एकच आवाज, म्हणून माईकची पिन उघडली. टोकाची तार दोन नंबरला ठेवली. कड्याची तार काढून तिच्यावर टेप गुंडाळली. दांडीची जाळी एक नंबरला होतीच, तिथून तीन नंबरला एक छोटा तुकडा झाळला. बारीक कामाची पंचवीस वॅटची झाळणी आणि थोडं कथिल लागलं. गाण्याला मात्र हे चालणार नाही, कारण एक बाजू गळते. त्यासाठी एका टोकाला बारीक स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना असलेली लीड घ्यायची आणि मिक्सरच्या डाव्या-उजव्या भोकांत लावायची. तयार मिळते. डावी-उजवी तार एकत्र पिळून एकाच काट्याला मात्र लावू नका. दोन यंत्रं एकमेकांना ढकलू लागतात.

मोबाइल माईकच्या भोकात लावण्याआधी मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं बटण बंद आहे ना, पाहा. त्याला फँटम म्हणतात. काही माईकना वीज लागते, ती त्याच तारेतून उलट पाठवतात. ही सोय १९६६च्या सुमारास जर्मनीच्या न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी केली. हिवाळ्यात तिकडे दिवस फार लहान, म्हणून स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच होती, तीच वापरली. माईकला ती बरी, मोबाइलला नाही.

माईकची तोललेली वायर बांधायची तर हिशेब साधा आहे. एक नंबरला जाळी, दोन नंबरला सुलटी तार, तीन नंबरला उलटी. पूर्वी काही कंपन्या दोन आणि तीनची अदलाबदल करीत. १९९२ला ध्वनी-अभियंत्यांच्या संघटनेने दोन नंबर सुलटा असं ठरवून दिलं. पाव इंची पिनेत टोक म्हणजे दोन, कडं म्हणजे तीन, दांडी म्हणजे एक. आणि हे विसरू नका, नुसती वायर तोललेली घेऊन भागत नाही. दोन्हीकडची यंत्रंही तशी हवीत. घरच्या डेकला महागडी माईकची वायर लावली तरी आत जोडणी एकतारीच राहते.

आपल्याकडे घुरघुरीचा त्रास जास्त का, तेही सांगतो. घरात २३० व्होल्टची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. माईकमधून निघणारा दाब असतो व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आता ही माईकची वायर वीस मीटर, तिच्या शेजारून पंख्याची वायर, पलीकडे उसाला पाणी देणाऱ्या मोटारीचा स्टार्टर. एकतारी असेल तर त्या पन्नास हेलकाव्यांची घुरघुर ऐकू येणारच. म्हणून माईकची लांब वायर तोललेलीच हवी आणि विजेच्या वायरीशी समांतर टाकू नये. आडवी ओलांडावी.

घुरघुर जायला काही जण पिनेचा तिसरा, अर्थिंगचा काटा कापून टाकतात. घुरघुर कधीकधी जातेसुद्धा. पण ते कधीही करू नका, आणि साउंडवाल्याला करू देऊ नका. यंत्रात काही बिघडलं आणि वीज पत्र्यावर उतरली, तर तिला जायला अर्थिंगची वाट राहत नाही. मग ती माईक धरलेल्या बाईच्या हातातून वाट काढते. त्यापेक्षा डेक आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावा. दोन वेगळ्या ठिकाणचं अर्थिंग जाळीतून एकमेकांशी जुळतं तेव्हा घुरघुर होते, तिला हा साधा उपाय पुष्कळदा पुरतो.

एवढा खटाटोप का केला, कुणी विचारेल. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून जास्त. १९९०च्या दशकात त्यांच्यासोबत बर्नार्ड बेल यांनी कितीतरी बायकांचा आवाज चांगल्या यंत्रांवर ध्वनिमुद्रित केला. त्यामुळे आज त्या गाणाऱ्या बाया नाहीत तरी त्यांचा गळा आहे. कागदावर ओवी उतरते, पण जात्याची घरघर, मधेच घेतलेला श्वास, चाल बदलताना लागलेला हेल, हे कागदावर राहत नाही. आमच्याकडे आजींची अठरा मिनिटं आहेत. तेवढीच.

मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही पुन्हा जमलो. तीच ताई, तोच डेक. दुरुस्त केलेली लीड लावली. सूनबाईंना या वेळी आधी सांगितलंच नव्हतं, न जाणो पुन्हा फसलं तर. बटण दाबलं आणि दोन्ही स्पीकरमधून आधी बांगड्यांचा आवाज आला, मग जात्याचा खुंटा ठोकल्याचा. आणि ओवीच्या आधी आजी विचारतात ते, जे आम्ही कापायचं विसरलो होतो आणि आता कापणार नाही: "चालू झालं का गं तुमचं?"

पुढच्या ओळीतून सूनबाई म्हणाल्या, "झालं, आत्याबाई."